यजमान सी, पाहुणी लुआ

लेखांक ९

सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम एकदा कंपाइल झाला की त्यातलं अक्षरही हलत नाही, हे मागच्या लेखात आलं. वेगासाठी ते उत्तम. पण गेममधल्या एका पात्राचा एक संवाद बदलायचा तरी पुन्हा कंपाइल करा, पुन्हा लिंक करा, पुन्हा सुरुवातीपासून चालवून पाहा! संवाद लिहिणारा माणूस बहुधा प्रोग्रामर नसतोच, त्याने काय करायचं? लुकासआर्ट्समधल्या ब्रेट मोगिलेफ्स्की यांनी १९९८ सालच्या ‘ग्रिम फँडँगो’ या गेमसाठी यावर तोडगा काढला. लुआ नावाच्या भाषेचा इंटरप्रिटर त्यांनी गेमच्या पोटातच बसवला. चित्र आणि आवाजाची जड कामं कंपाइल केलेल्या भागाकडे राहिली, आणि कोण कुणाशी काय बोलेल हे लुआच्या स्क्रिप्टांकडे गेलं.

लुआ १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुसालिमस्की, लुईझ फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी घडवली. पहिलं गिऱ्हाईक पेट्रोब्रास, ब्राझीलची सरकारी तेल कंपनी. तिथल्या इंजिनिअरांना त्यांच्या प्रोग्रामांना माहिती पुरवण्यासाठी सोपी भाषा हवी होती. म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहायचं हे या भाषेच्या जन्मापासूनच ठरलेलं. यजमानाला तिचा भारही फारसा होत नाही: सगळा इंटरप्रिटर तीसेक हजार ओळींच्या सी कोडमध्ये मावतो.

बसवण्याचं काम दिसायला अगदी किरकोळ आहे. एका फंक्शनला हाक मारून नवा इंटरप्रिटर उभा करायचा, दुसऱ्याने स्क्रिप्ट वाचून चालवायची. खरी गंमत दोघांच्या देवाणघेवाणीत आहे. सीमध्ये व्हेरिएबलचा प्रकार आधीच ठरलेला असतो. लुआमध्ये त्याच नावात आत्ता आकडा, मग मजकूर, मग अख्खं टेबल बसू शकतं. त्याहून अवघड प्रश्न मेमरीचा. सीमध्ये घेतलेली जागा आपणच परत करायची. लुआमध्ये गार्बेज कलेक्टर नको असलेलं उचलून नेतो. आता लुआचं एखादं टेबल सीच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवलं, तर ते अजून वापरात आहे हे कलेक्टरला कळणार कसं? तो ते बिनदिक्कत नेईल.

पायथनने इथे वेगळा रस्ता धरला. वस्तूचा पॉइंटर सीच्या हातात देऊन टाकायचा, आणि तिला कितीजण धरून आहेत याचा हिशोब सी लिहिणाऱ्याने ठेवायचा. एक नोंद चुकली की मेमरी गळते किंवा प्रोग्राम कोसळतो. लुआने सीच्या हातात टेबल द्यायचंच नाही असं ठरवलं. मध्ये एक स्टॅक ठेवला. फंक्शन बोलवायचं तर आधी ते स्टॅकवर ठेवायचं, त्यावर त्याला द्यायच्या किमती, मग हाक मारायची. हे सगळं उचललं जातं आणि त्या जागी उत्तर येतं. स्टॅक लुआच्याच ताब्यात, त्यामुळे त्यावर जे आहे ते कलेक्टरला दिसतं. मजकुराबाबत मात्र सांभाळावं लागतं. लुआने दिलेला पॉइंटर तो मजकूर स्टॅकवर असेपर्यंतच भरवशाचा. नंतर लागणार असेल तर आधी नक्कल करून घ्यावी. हा स्टॅक सुरुवातीला कटकटीचा वाटतो, पण मला पायथनच्या हिशोबवहीपेक्षा तो कधीही परवडतो.

स्क्रिप्टमध्ये चूक झाली तर? हाक साधी मारली असेल तर इंटरप्रिटर यजमान प्रोग्रामच बंद पाडतो. म्हणून ‘पीकॉल’ वापरायचा, म्हणजे चूक निरोपासारखी हातात येते आणि गेम चालू राहतो.

आणि स्क्रिप्ट अनोळखी माणसाने लिहिलेली असेल तर पाहुण्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देऊ नयेत. लुआच्या साऱ्या लायब्रऱ्या एका ओळीत उघडता येतात, पण त्यात फायली पुसणारी आणि ऑपरेटिंग सिस्टिमला हुकूम देणारी फंक्शनंही येतात. आकडेमोड, मजकूर आणि टेबलं एवढंच द्यावं. रेडिस या डेटाबेसमध्ये लुआ आहे. त्याच्या डेबियन आणि उबुंटूसाठी बांधलेल्या पॅकेजांत ‘पॅकेज’ हे एकच नाव चुकून उघडं राहिलं होतं. त्यातून बाहेरची लायब्ररी ओढून सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता येत होता. हे २०२२ साली उघडकीला आलं.

न संपणाऱ्या लूपवर उपाय आहे: ठरावीक सूचनांनंतर लुआने यजमानाला विचारावं अशी सोय करता येते. मेमरी वाटणारं फंक्शनही यजमान स्वतःचं देऊ शकतो, म्हणजे तिथेही लगाम त्याच्याच हाती.

मराठी विकिपीडियावरच्या अनेक माहितीचौकटींमागे लुआच चालते. एका पानामागे तिला प्रोसेसरची १० सेकंदं मिळतात. तेवढ्यात आटोपलं नाही तर पानावर चूक झाल्याचा संदेश उमटतो. पुढच्या आठवड्यात उलटी बाजू पाहू: सीमधलं आपलं फंक्शन लुआला कसं बोलावू द्यायचं. तोवर लुआचा सोर्स उतरवून घेऊन कंपाइल करून ठेवा. साध्या लॅपटॉपवर मिनिटभराचंही काम नाही.