सूरजागडात बर्फ

आमच्या सूरजागड पट्ट्यात बर्फ कुणी पाहिलाय? तरी शाली-ब्लँकेटच्या सेलसाठी आम्ही कॉम्प्युटरवाल्या पोराकडून बर्फाचा बॅनर करून घेतला. गिऱ्हाईक हसले, "सेठ, कापूस पिंजलाय का?" पैसे पाण्यात गेले.

पोराने नुसता पांढरा रंग भरला होता. बर्फात उजेड आत शिरतो, कणाकणांवर आपटून बाहेर येतो. खोल खळग्यात निळसर दिसतो. मलमल आणि लठ्ठा, दोन्ही पांढरेच. पण आपण उजेडात धरूनच ओळखतो ना? पृष्ठभागाचा नैसर्गिक उंचसखलपणा केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेल्या 'नॉइज'च्या गणिताने साधतो. डिस्नेच्या 'फ्रोझन'साठी (२०१३) तर बर्फाच्या हालचालीचे वेगळे गणित बसवले गेले.

पोरगा आता दुसरा बॅनर करतोय. थंडीचा महिनाच उरलाय, माल अजून कपाटात आहे.