तव्याचे वजन

गेल्या महिन्यात आमच्या दांडिया बाजारातील घरी एक जड खोके आले. आत बिडाचा तवा, बिडाची कढई आणि नातीच्या नावाचे पत्र. ही माझी नात गेली चार वर्षे बडोद्यातील खाण्यापिण्याविषयी आपल्या ब्लॉगवर मराठीतून लिहीत असते. शेव-उसळ कोणाकडची झणझणीत, लिलो चिवडा कोणाकडचा ताजा, हे तिने लिहावे आणि आमच्या वयाच्या मंडळींनी फोन डोळ्यांशी धरून वाचावे, असा परिपाठ पडला आहे. तिच्या शब्दावर लोक दुकानाची पायरी चढतात. भांड्यांच्या कंपनीला हवी होती ती नेमकी हीच गोष्ट.

भांडी फुकट, वर पंधरा हजार रुपये. अटी दोनच होत्या. पैसे घेतल्याचे सांगावयाचेच असेल तर ते लेखाच्या अगदी शेवटी, बारीक इंग्रजी अक्षरांत सांगावे. आणि तव्याच्या वजनाचा उल्लेख करू नये.

तवा चांगला आहे, हे मी साक्षीने सांगतो. तेल लावून चार-सहा वेळा तापविल्यावर धिरडी त्यावरून अलगद सुटू लागली. पण आमच्या सौ.ने तो एका हाताने उचलला आणि मनगट धरून खाली बसली. नातीच्या वाचकांपैकी निम्म्याअधिक बायका सौ.च्याच वयाच्या असतील. म्हणजे जी गोष्ट त्यांना आधी कळावयास हवी, नेमकी तीच झाकण्यासाठी हे पंधरा हजार!

दुसऱ्याच्या पैशावर लिहिणे बडोद्याला नवे आहे, असे मात्र कोणी समजू नये. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी मराठी-गुजराती ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांची रक्कम बाजूला ठेवली, आणि तीतून श्रीसयाजी साहित्यमाला उभी राहिली. मध्यवर्ती ग्रंथालयात त्या मालेतील एखादे पुस्तक उघडून पाहा. मालेचे नाव आरंभीच, ठळक अक्षरांत असते. फैयाझखाँसाहेब दरबारचे गायक होते, हेही कोणापासून लपलेले नव्हते. थैली कोणाची हे वाचकाला आणि श्रोत्याला ठाऊक असे. मग भिडेचे किती आणि गुणाचे किती, याचा हिशेब ज्याचा तो करी. राजाश्रयाला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

सरकारलाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले आहे. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये अशा लेखकांसाठी मार्गदर्शिका काढली. रोख रकमेबरोबरच फुकट वस्तू, सवलत, प्रवास, हॉटेलातील मुक्काम, इतकेच काय, नातेसंबंधसुद्धा उघड करावा, असे तीत म्हटले आहे. तो उल्लेख ठळक असावा आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असावा. मराठी लेखाखाली बारीक इंग्रजी ओळ टाकण्याची युक्ती यात बसत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शिफारशीपूर्वी पुरेशी खातरजमा केली असेल तर मात्र दंडातून सुटका आहे.

हे सारे मी नातीला मोठ्या अधिकारवाणीने ऐकवीत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही नाटकांवर लिहायचात, तेव्हा तिकीट काढून जायचात का?"

आता काय सांगावे! चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईहून एक नाटक मंडळी आली होती. मला पहिल्या रांगेतील खुर्ची मिळाली, प्रयोगानंतर श्रीखंड-पुरीचे जेवण झाले, आणि निघताना एक शाल खांद्यावर पडली. नाटक रटाळ होते. तिसऱ्या अंकात मी स्वतः डुलक्या घेत होतो. तरीही दुसऱ्या दिवशी मी त्याची तोंड भरून वाखाणणी केली. शाल खांद्यावर असताना वाईट लिहिणे बरे दिसत नाही, हे माझे मलाच दिलेले कारण. शेजारच्या बिऱ्हाडातील एक कारकून माझा लेख वाचून बायको-मुलांसह सहा तिकिटे काढून गेला. महिनाअखेर होती. परत आल्यावर जिन्यात भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून गेलो." शालीची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. आता तो हयात नाही.

नातीला मात्र सांगितली. ती काही बोलली नाही. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी तिने कंपनीला धाडावयाचा मजकूर मला दाखविला. पहिलीच ओळ होती: "ही भांडी मला फुकट मिळाली असून या लेखाचे पंधरा हजार रुपये ठरले आहेत." दुसऱ्या परिच्छेदात, तवा जड आहे, मनगट दुखत असेल त्यांनी दोन्ही हातांनी उचलावा किंवा घेऊच नये, असे स्वच्छ लिहिले होते. एवढ्या पैशांत तिचे कॅमेऱ्याचे दोन हप्ते फिटले असते, हे मला नंतर सुनेकडून कळले.

त्याला पंधरा दिवस झाले. कंपनीचे उत्तर नाही. नातीने तवा आणि कढई घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पुन्हा खोक्यात भरून ठेवली आहे. जाता येता सौ. त्या खोक्याकडे पाहते आणि म्हणते, "परत न्यायला येणारच असतील, तर आधी त्यावर एकदा थालीपीठ तरी लावून बघू द्या. उचलायला तुम्ही आहातच."