खालच्या दोऱ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे गाठोडं घेऊन आल्या. गाठोड्यात त्यांच्या आईच्या सहा सुती साड्या होत्या. आईला जाऊन वर्ष झालं होतं. "याची एक वाकळ करून द्या. मशीनवर शिवलीत तरी चालेल, पण टिकली पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

मी मोटर जोडलेल्या मशीनवर बसले, एका बैठकीत चार बॉबिन भरधाव भरून घेतल्या आणि कामाला लागले. एका बॉबिनवर आधीचा थोडा दोरा शिल्लक होता. तो काढायचा कंटाळा केला आणि त्यावरच नवा दोरा गुंडाळला. रात्रीपर्यंत निम्मी वाकळ झाली. दिसायला अगदी सुरेख! सकाळी उठून पाहते तो काय, मधल्या दहा-बारा ओळी आक्रसून गेलेल्या. कापडाला जागोजागी चुण्या पडलेल्या. उसवायला घेतलं, तर वापरून वापरून विरलेलं ते लुगड्याचं कापड सुईच्या भोकांशी टरकायला लागलं. नवं कापड उसवता येतं. जुनं कापड ही संधी देत नाही. आणि दुसरी साडी आणायची तरी कुठून?

त्या दिवशी मी पहिल्यांदा खालच्या दोऱ्याचा नीट विचार केला. आज त्याविषयीच आपल्याशी बोलणार आहे.

शिलाई मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा रिळातून सुईत येतो. खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई कापडातून खाली जाते, किंचित वर उचलली जाते, तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. शटलची आकडी तो फास पकडते आणि सबंध बॉबिनभोवती फिरवून आणते. दोन दोरे एकमेकांत अडकतात आणि ही अडकण कापडाच्या पोटात, मधोमध बसते. वरचा दोरा जास्त ओढला गेला, तर खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसतात. खालचा ढिला झाला, तरी तेच. वरचा ढिला झाला, तर मागच्या बाजूला झोल येतो. म्हणजे टाका ही दोन दोऱ्यांची रस्सीखेच आहे आणि ती बरोबरीत सुटली पाहिजे.

एका दोऱ्यावर शिवणारं मशीनही असतं. धान्याच्या किंवा खताच्या पोत्याचं तोंड आठवा. योग्य टोक सापडलं की ओढताच सगळी शिलाई सरसर उसवत जाते. तो साखळी टाका. फ्रान्समधल्या बार्थेलेमी थिमोनिए यांनी १८३० मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते असंच एका दोऱ्याचं होतं. अमेरिकेत एलियास हाउ यांनी १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्यात खालचा दोरा विणकराच्या धोट्यासारखा मागे-पुढे जाई. पुढे १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन विल्सन यांनी गोल फिरणारी आकडी आणि तिच्याबरोबर चपटी गोल बॉबिन आणली. आपल्या घरच्या मशीनमधली गोल बॉबिन ही त्याच वंशातली.

गंमत अशी, की वरच्या दोऱ्यावर आपलं सतत लक्ष असतं. तो तुटला की कळतो, संपला की दिसतो. खालचा मात्र डबीत बंद. तो संपला तरी मशीन चालतच राहतं. सुई नुसती भोकं पाडत पुढे जाते आणि वीतभर गेल्यावर आपल्या लक्षात येतं. शिवाय तो कसा गुंडाळला आहे, यावर त्याचा ताण ठरतो. आपण बॉबिन भरधाव भरतो तेव्हा पॉलिस्टरचा दोरा ताणला जातो. ताणलेल्या अवस्थेतच तो कापडात शिवला जातो. मग रात्रभरात तो हळूहळू आपल्या मूळ लांबीवर यायला बघतो आणि सोबत कापडालाही आक्रसून घेतो. माझ्या वाकळेला सकाळी पडलेल्या चुण्यांचं कारण हे होतं. आणि शिळ्या दोऱ्यावर गुंडाळलेला नवा दोरा खालीवर होतो, मध्येच अडकतो, मध्येच सैल सुटतो. दोष मशीनचा नव्हता, दोऱ्याचाही नव्हता. माझ्या घाईचा होता.

यावर उपाय दोन. एक म्हणजे बॉबिन हळू, एकसारख्या वेगानं, रिकामी करून भरायची. दुसरा म्हणजे कारखान्यात भरलेली तयार बॉबिन वापरायची. एम्ब्रॉयडरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ती डझनावर किंवा पेटीवर मिळते. अनेकींना हे चोचले वाटतात. "दोरा गुंडाळायला कशाला पैसे द्यायचे?" असं मीही म्हणत असे. पण पैसे गुंडाळण्याचे नसतात, एकसारखेपणाचे असतात.

तयार बॉबिनवर दोरा ठरावीक ताणानं, थरावर थर सारखा बसवलेला असतो. त्यामुळे पहिल्या मीटरला जो ताण, तोच शेवटच्या मीटरला. दुसरं, त्यावर दोरा जास्त मावतो. एक तर तो दाबून नीट बसवलेला असतो आणि दुसरं म्हणजे तो बारीक असतो. एम्ब्रॉयडरीत वरचा दोरा बहुधा ४० नंबरचा, तर बॉबिनचा ६० किंवा त्याहून बारीक. नंबर मोठा तितका दोरा बारीक, हे लक्षात असू द्या. एम्ब्रॉयडरीत सर्रास चालणाऱ्या 'एल' मापाच्या तयार बॉबिनवर साधारण शंभर-सव्वाशे मीटर दोरा असतो. नक्षीनुसार कमीजास्त होईल, पण त्यात २५ हजारांच्या आसपास टाके निघतात. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचं बोधचिन्ह सात-आठ हजार टाक्यांचं धरलं, तर तीन चिन्हं एका बॉबिनमध्ये होतात.

आता वाकळेचा हिशोब करू. दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब वाकळ, इंच-इंच अंतरावर ओळी. म्हणजे साठ ओळी, एकशे पस्तीस मीटर शिलाई. दोरा कापडाच्या जाडीतही जातो, म्हणून पावपट वाढवला तर खालचा दोरा एकशे सत्तर मीटर लागेल. नेहमीच्या दोऱ्यानं घरी भरलेल्या बॉबिनवर चाळीस-पन्नास मीटर बसतो. म्हणजे तीन-चार वेळा थांबणं आणि तीन-चार वेळा सांधा. तयार बॉबिनवर हेच काम दोन बॉबिनमध्ये होतं. प्रत्येक सांध्याला गाठ येते, गाठीशी टाका कच्चा राहतो, हे शिवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

सुरतेसारख्या ठिकाणी एकाच मशीनवर अनेक डोकी असतात आणि सगळी एकच नक्षी एकाच वेळी भरतात. तिथे एका डोक्याचा दोरा संपला की सगळंच मशीन थांबतं. प्रत्येक बॉबिनवर सारख्या लांबीचा दोरा असेल, तर सगळ्या साधारण एकाच वेळी संपतात आणि एकाच वेळी बदलता येतात. छोट्या कामात हा फायदा दिसत नाही, मोठ्या कामात तोच रोजगार वाचवतो.

पण तयार बॉबिन घेताना डोळे उघडे ठेवायला हवेत. पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मशीनला 'क्लास १५' प्रकारची बॉबिन लागते. तिचा व्यास 'एल'च्या जवळपास असतो, पण ती उंचीला जास्त. 'एल' साधारण नऊ मिलिमीटर, 'क्लास १५' साधारण पावणेबारा. दोन्ही हातात सारख्याच वाटतात, म्हणून गफलत होते. 'एल' बॉबिन घरच्या डबीत घातली की आत खुळखुळते आणि टाका बिघडतो. 'एम' नावाची मोठी बॉबिन लांब पल्ल्याच्या क्विल्टिंग मशीनमध्ये आणि काही औद्योगिक मशीनमध्ये चालते. दुकानात जाताना आपली जुनी बॉबिन सोबत न्या, यासारखा उपाय नाही. जुन्या लांबट शटलच्या मशीनला यातली कुठलीच चालत नाही.

दुसरी गोष्ट बाजूंची. काही बॉबिनना प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, काहींना पुठ्ठ्याच्या, काहींना चकत्याच नसतात. काहींच्या मधोमध बारीक लोहचुंबक असतो. मशीन थांबलं तरी बॉबिन स्वतःभोवती फिरत राहू नये, म्हणून तो असतो. दोरा संपत आल्याची सूचना देणारी सोय तुमच्या मशीनमध्ये असेल, तर ती पुठ्ठ्याच्या बॉबिनबरोबर चालेलच असं नाही. पुस्तिका पाहा. आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांना पावसाळी ओल मानवत नाही. झाकणाच्या डब्यात ठेवा.

तिसरी गोष्ट रंगाची. तयार बॉबिन मुख्यतः पांढऱ्या आणि काळ्या मिळतात. एम्ब्रॉयडरीची मागची बाजू कोणी पाहत नाही, तिथे हे चालतं. वाकळेच्या मात्र दोन्ही बाजू पांघरायच्या असतात. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घातला, तर ताण जरा चुकला तरी लाल ओळीवर पांढरे ठिपके उमटतात. अशा वेळी वरही पांढराच दोरा घ्या, नाही तर दोन्हीकडे एका रंगाचा दोरा घेऊन बॉबिन घरी, सावकाश भरा. ब्लाउजला, झबल्याला तयार बॉबिन लागत नाही.

बॉबिन बदलली की ताण तपासायचाच. भरलेली बॉबिन डबीत घाला, दोऱ्याचं टोक धरून डबी लोंबती सोडा. ती सरसर खाली गेली तर दोरा ढिला. हलका झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. झटक्यासरशी दोन-तीन बोटं सरकून थांबली, तर ठीक. डबीवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. उजवीकडे घट्ट, डावीकडे ढिला. त्याआधी डबीच्या पातीखाली कागदाचा कोपरा फिरवून अडकलेला तूस काढा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टाचणी मात्र घालू नका, पातीला ओरखडा पडतो. एम्ब्रॉयडरीची परीक्षा आणखी सोपी. भरीव टाक्याची पट्टी उलटून बघा. मधला एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला, तर ताण जमला.

त्या वाकळेचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. मी ताईंना बोलावलं आणि जे झालं ते दाखवलं. शिलाईचे पैसे घेणार नाही, हेही सांगितलं. त्या बराच वेळ टरकलेल्या जागेवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनीच उरलेल्या साडीचा काठ उचलला आणि म्हणाल्या, "इथं हा लावा. आईसुद्धा फाटलेल्याला काठच लावायची." मी काठाच्या पट्ट्या लावल्या. त्या जागी हातानं धावदोरा घातला आणि बाकीच्या ओळी तयार बॉबिन घालून, वर-खाली पांढऱ्या दोऱ्यानं पुऱ्या केल्या.

पुढे एकदा त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, नातवंडं काठाच्याच बाजूला झोपायला भांडतात. मला बरं वाटलं. पण ती टरकलेली जागा मी विसरले नाही. तेव्हापासून माझ्या मशीनशेजारी तयार बॉबिनची एक पेटी असते. आणि घरी बॉबिन भरायची वेळ आलीच, तर आधी रिकामी करते आणि पाय हलका ठेवते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)