व्यवहारांची यंत्रणा : लेखांक ६ – यूपीआयवरचा भार कोणत्या आकड्याने मोजायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात प्रथमच २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या महिन्यातल्या सेकंदांनी भागलं, तर दर सेकंदाला साधारण साडेसात हजार व्यवहार होतात. हा भागाकार जरूर करावा, पण त्याच्या भरवशावर एकही सर्व्हर विकत घेऊ नये. पहाटे तीनला यंत्रणेला फारसं काम नसतं. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ ही तिची खरी गर्दी. शिवाय क्षमता संपते ती शंभर टक्के भाराच्या बरीच अलीकडे. टेलिफोन कॉल्सचा अभ्यास करताना कोपनहेगनच्या एर्लांग यांनी १९०९ पासून रांगांच्या ज्या गणिताचा पाया घातला, त्यातून हे दिसतं. एका कामाला सरासरी १० मिलिसेकंद लागत असतील आणि कामं अनियमितपणे येत असतील, तर सर्व्हर निम्मा वेळ गुंतलेला असताना उत्तराला सरासरी २० मिलिसेकंद लागतात. ८० टक्क्यांना ५०, ९० टक्क्यांना १०० आणि ९५ टक्क्यांना २००. ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताच उत्तराचा वेळ दुप्पट! म्हणून ९० टक्के वापर म्हणजे काटकसर, असं समजणं मला धोक्याचं वाटतं.

पण यूपीआयचा अनुभव याहूनही पुढची गोष्ट सांगतो: भार फक्त ग्राहकाकडून येत नाही, मंदावलेली यंत्रणा स्वतःच तो तयार करते. एका व्यवहारात पैसे देणाऱ्याचं ॲप, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं स्विच, पैसे देणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक अशा सगळ्यांना वेळेत उत्तर द्यावं लागतं. यातलं कुणी अडखळलं, की ‘पैसे गेले का?’ ही विचारणा सुरू होते आणि तीही त्याच यंत्रणेकडे येते. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय विस्कळीत झालं, तेव्हा काही बँकांकडून व्यवहाराच्या स्थितीबद्दल वारंवार आलेल्या विचारणांचा पूर हेच कारण पुढे आलं. व्यवहारांच्या संख्येवर बेतलेल्या नियोजनात या विचारणा कुठे दिसल्याच नसत्या.

त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा आल्या. एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते, स्थितीची विचारणा किमान ९० सेकंदांच्या अंतराने तीनदाच करता येते आणि ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून वळते होतात. यावर आक्षेप असा की, ही टंचाईची वाटणी झाली. क्षमता वाढवा, ग्राहकाला का अडवता? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. लोक खरोखर पैसे देत असतील, तर क्षमता वाढवायलाच हवी, तिथे मर्यादेची पळवाट चालणार नाही. पण ऑटोपेचा हप्ता सकाळी अकराऐवजी दुपारी तीनला गेला, तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि उत्तराला उशीर झाला म्हणून पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या प्रोग्रॅमला कितीही क्षमता दिली, तरी यंत्रणा पुन्हा मंदावली की तो तीही खाऊन टाकेल.

दुसरा आक्षेप क्लाऊडचा: गर्दी झाली की सर्व्हर आपोआप वाढतील. ॲपचा दर्शनी भाग तसा वाढतो, हे खरं. पण नवे सर्व्हर उभे राहायला वेळ लागतो आणि पूर त्याआधीच येतो. त्याहून मोठी अडचण खात्यांची. एखाद्या मोठ्या विक्रेत्याच्या खात्यात एकाच वेळी शेकडो जमा येतात, तेव्हा त्या एका नोंदीवर त्यांना क्रमानेच लिहावं लागतं. शेजारी दहा सर्व्हर आणून ठेवले तरी ती रांग तुटत नाही. ती तोडायला खात्याच्या नोंदींची रचनाच बदलावी लागते, आणि ते बँकेच्या कोअर प्रणालीतलं काम आहे, आठवड्याभरात होणारं नाही. म्हणूनच भारचाचणीत नुसती हजारो यशस्वी देणी पळवून भागत नाही. गर्दीच्या वेळी एक बँक मुद्दाम संथ ठेवायची, विचारणांचं नेहमीचं प्रमाण त्यात मिसळायचं आणि बाकीच्या बँकांचे व्यवहार किती वेळ तग धरतात ते पाहायचं.