दयाळ आणि बेडूक

आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. आवाज कोणाचा आणि कशासाठी, हे विचारण्याची खोड तेथेच जडली. आजचा विषय त्याच खोडीतून निघाला आहे.

चैत्र-वैशाखात बदलापुरात पहाटे दयाळ गातो. मृगाचा पाऊस पडला की खाचरांत बैलबेडूक डरावू लागतो. एकाला आपण गाणे म्हणतो, दुसऱ्याला गोंगाट. हेतू पाहिला तर दोघे सारखेच. दोहोंकडे मुख्यतः नरच बोलतो, आणि त्याचे सांगणे एवढेच की जागा माझी आहे, मादीने यावे.

भेद यंत्रात आहे. श्वासनलिकेला तळाशी दोन फाटे फुटतात, तेथे दयाळाचा स्वर उमटतो. बेडूक तोंड मिटून ओरडतो. फुप्फुसांतली हवा तो स्वरयंत्रातून तोंडात ढकलतो. गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगतात आणि आवाज दुमदुमतो. त्या दिवसांत नराचे अंग हळदीसारखे पिवळे होते.

याहून मोठा भेद शिक्षणाचा. बेडकाची हाक उपजत असते. गाणाऱ्या पक्ष्यांची पिले मात्र मोठ्यांचे ऐकतात, अडखळतात, मग गाणे बसते. शाळा लवकर सुटलेल्या आणि ऐकून शिकलेल्या आमच्यासारख्यांना दयाळ म्हणूनच जवळचा वाटतो.

परंतु काळजी वाटते ती बेडकाची. तो ओल्या कातडीतून श्वास घेतो, पाणीही तिच्यातूनच शोषतो. पाण्यात मिसळलेले विष त्याच्या अंगात सहज भिनते. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरते, ती कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी घेऊन. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना त्रास झाला. पाणी नासले तर दयाळ दुसऱ्या झाडावर जाईल. बेडकाची अंडी त्याच डबक्यात राहतात. काठावरच्या चाळीतल्या कामगारालाही बिऱ्हाड उचलून जाता येत नाही.

कारखाना आम्हांला हवाच; आमची चूल त्यावर पेटते. म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याचे कलम पगारवाढीच्या शेजारी मागणीपत्रात असावे, असे आमचे म्हणणे आहे. येत्या पावसाळ्यात आपापल्या वस्तीत कान द्या. जेथे दरवर्षी बेडूक ओरडत आणि यंदा सारे गप्प आहे, तेथे पाण्याची चौकशी करा.