दगड की दगड झालेलं झाड? उचलण्याआधी कसं ओळखाल

नदीपात्रातल्या गोट्यांवरच्या भागानंतर बऱ्याच जणांनी फोटो पाठवले. कुणी इंदूरहून, कुणी हैदराबादहून, कुणी बेळगावहून. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "सर, हा दगड झाडाच्या खोडासारखा दिसतो. हे अश्मीभूत लाकूड आहे का?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांशी एकदमच बोलतो. खूप फोटोंत दगड घरातल्या टेबलावर ठेवलेला होता. त्याबद्दलही आज बोलायचं आहे, पण ते शेवटी.

सुरुवात करू मुळापासून. लाकडाचा दगड होतो म्हणजे नेमकं काय होतं?

झाड पडलं की साधारणपणे ते कुजतं. बुरशी, वाळवी, हवा, पाणी, सगळे मिळून काही वर्षांत त्याची माती करतात. पण एखादं खोड पडल्या पडल्या वाळू, गाळ किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तर त्याला प्राणवायू मिळत नाही आणि कुजणं थांबतं. मग जमिनीतलं पाणी त्यात झिरपत राहतं. या पाण्यात सिलिका विरघळलेली असते, म्हणजे वाळू आणि गारगोटी ज्याची बनते तेच द्रव्य. ती लाकडाच्या पेशींच्या पोकळ्यांत साचते आणि हळूहळू पेशींच्या भिंतींचीही जागा घेते. लाकूड जवळपास सगळं जातं, पण त्याची ठेवण राहते. पाण्यात लोह असेल तर दगड तांबूस किंवा पिवळा होतो, मँगनीज असेल तर काळपट. म्हणून रंगावरून काही ठरत नाही. ठरवायचं ते या ठेवणीवरून.

पहिला प्रश्न: दगड कुठे आहे?

फौजेत नकाशावाचन शिकवताना पहिला धडा असतो: आधी आपण कुठे उभे आहोत ते ठरवा, मग समोर काय आहे ते सांगा. इथेही तसंच आहे.

ग्रॅनाइट जमिनीत खोलवर वितळलेल्या रसातून गोठून बनतो. त्याच्या आत झाड सापडणार नाही. लाकडाचे जीवाश्म मिळतात ते गाळाच्या खडकांत: वालुकाश्म, चिकणमातीचे थर, राखेचे थर.

मग दख्खनच्या काळ्या पाषाणाचं काय? तो लाव्हापासून बनला. पण सगळा लाव्हा एका दमात आला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळात एक लोट थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, झाडं वाढायची, आणि मग पुढचा लोट यायचा. दोन लोटांमध्ये अडकलेल्या त्या गाळाच्या थरांत जीवाश्म मिळतात. मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा आणि छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां ही याची नामांकित ठिकाणं. घुघव्याला ताडवर्गातल्या झाडांचे जीवाश्म दिसतात. आज त्या भागात ताडमाडांची वनं नाहीत, म्हणजे तेव्हाचं हवामान वेगळं होतं, हेही ते दगड सांगतात.

आपल्या देशात अशा जागा बऱ्याच आहेत. जैसलमेरपासून सुमारे १७ किलोमीटरवर आकलला सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची खोडं थेट वाळवंटात पडलेली दिसतात. तमिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात सातनूरला १८ मीटरपेक्षा लांब खोड आहे. ते सूचिपर्णी झाडाचं आहे आणि सापडलं ते समुद्रात साचलेल्या गाळात, म्हणजे ते झाड वाहत जाऊन समुद्रतळाशी विसावलं. पुदुच्चेरीजवळ तिरुवक्करैला तर अनेक खोडं आहेत, पण त्यांना फांद्या नाहीत, मुळं नाहीत, पानं नाहीत. त्यावरून तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की ही झाडं तिथे वाढलेली नव्हती, पुराने दुरून आणून टाकली. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाजवळ वडधमला असे जीवाश्म आहेत.

लक्षात घ्या, वाहत आली की जागेवरच वाढली हे कळलं ते खोडं कोणत्या थरात आणि कशी पडली आहेत ते पाहून. हा मुद्दा डोक्यात ठेवा.

दुसरा प्रश्न: तो काय असू शकतो?

लाकडाचा आव आणणारे दगड पुष्कळ. रंगीत पट्ट्यांचा वालुकाश्म दुरून फळीसारखा दिसतो. झिजलेला शिस्ट किंवा स्लेट तंतूंसारखा सोलतो. बसाल्टचे उभे खांब रांगेतल्या बुंध्यांसारखे भासतात. पट्टेदार जास्परवर वलयंही असतात. म्हणून "साल दिसते" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बाजूला गळून पडलेल्या लहान कपच्यावर पुढच्या साध्या चाचण्या करा. मूळ दगडावर नको, आणि संरक्षित उद्यानात तर अजिबात नको.

वजन. सिलिकाचा दगड पाण्याच्या साधारण २.६ पट जड असतो. तेवढ्याच आकाराच्या वाळलेल्या सागाच्या तुकड्यापेक्षा तो जवळपास चौपट भरतो. हातात अगदी हलका लागला तर ते जुनं लाकूडच असेल.

कठीणपणा. साध्या चाकूच्या टोकाने ओरखडा ओढा. सिलिकावर चाकू चालत नाही, उलट दगडावर पोलादाची चकचकीत रेघ उमटते. त्याची धार काचेवर ओरखडा काढते. मोजच्या कठीणता-मापात सिलिका ७ वर आणि चाकूचं पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास.

आम्ल. चाकूने सहज ओरखडा गेला तर तिथली पूड करून त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तो चुनखडीच्या जातीचा आहे. चुन्याने अश्मीभूत झालेलं लाकूडही असतं, पण सर्रास नाही.

या तिन्ही चाचण्यांतून कळतं ते एवढंच, की दगड कशाचा बनला आहे. गारगोटी आणि जास्परही यात पास होतात. झाड होतं की नाही, याचा निकाल पुढच्या प्रश्नावर लागतो.

तिसरा प्रश्न: तीन बाजू वेगळ्या दिसतात का?

हे कोणत्याही सुताराला विचारा. लाकूड आडवं कापलं की वेगळं दिसतं, बुंध्याच्या मध्यातून उभं चिरलं की वेगळं, आणि कडेने फळी काढली की वेगळं. आडव्या छेदात वलयं आणि बारीक छिद्रं. उभ्या छेदात लांब समांतर रेषा. कडेच्या फळीवर लहरी आणि कमानी. याचं कारण झाडाच्या पेशी लांबट नळ्यांसारख्या असतात आणि त्या एका दिशेने उभ्या असतात.

थरांच्या दगडात असं नसतं. पट्टे असतील तर दोन बाजूंना सारखेच पट्टे आणि तिसऱ्या बाजूला सपाट पृष्ठ. पट्ट्यांच्या आत बारीक रचना नाही.

म्हणून दगड पाण्याने ओला करा आणि दहापटीचं भिंग घेऊन तुटलेल्या टोकाकडे, म्हणजे आडव्या छेदाकडे, पाहा. एकसारख्या सूक्ष्म पेशींच्या नेटक्या रांगा मध्यापासून बाहेर जाताना दिसल्या, तर झाड सूचिपर्णी असण्याची शक्यता मोठी. बारीक जाळीत मधूनमधून मोठी गोल छिद्रं दिसली, तर ते रुंद पानांच्या झाडाचं. वलयं अजिबात नाहीत आणि सगळीकडे ठिपकेच ठिपके विखुरले आहेत, असं असेल तर ताडमाडाचं. नारळाचं तोडलेलं खोड पाहिलं असेल तर हे लगेच पटेल.

दोन सूचना. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांना ठळक वार्षिक वलयं नसतात, म्हणून वलयं नाहीत एवढ्यावरून दगड बाद करू नका. आणि खोडावर फांदीची गाठ दिसली, तिच्याभोवती रेषा वळसा घालून गेल्या असतील, तर तो चांगला पुरावा. खडकाचे थर अशी गाठ सहसा घालत नाहीत.

भिंगातही रचना दिसली नाही तर? सिलिकाचे स्फटिक मोठे झाले की ठेवण पुसली जाते. तेव्हा "शक्य आहे" एवढंच म्हणा आणि पुढचं तज्ज्ञांवर सोडा. ते दगडाची कागदाहून पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कधी कधी झाडाचं कूळसुद्धा सांगतात.

इतर पाहुणे

लाकडाबरोबर आलेले इतर फोटोही थोडक्यात पाहू.

"डायनोसॉरचं अंडं". गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला खरी अंडी मिळाली आहेत, पण बहुतेक गोल दगड अंडी नसतात. बसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गाभा उरतो. पापुद्र्यावर पापुद्रा निघत असेल तर तो झिजेचा खेळ. अंड्याला एकच पातळ कवच असतं.

"दगडातलं फर्न". सपाट भेगेवर काळी, नाजूक, फांद्या फुटलेली नक्षी असते. ते बहुतेक वेळा मँगनीजचे क्षार पसरलेले असतात. पानाला मधली शीर असते, कडा असते. या नक्षीला दोन्ही नसतात.

"उल्कापाषाण". काळा, जड, चुंबकाला ओढणारा दगड म्हणजे अशनी, असा समज आहे. आपल्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे चुंबक थोडं ओढलं जातंच. जुन्या भट्ट्यांची लोहमळी तर हमखास फसवते. आत बुडबुड्यांच्या पोकळ्या असतील तर ती मळी किंवा लाव्हा समजा.

शाळिग्राम. नेपाळातल्या गंडकीच्या खोऱ्यातले बरेचसे शाळिग्राम हे अमोनाइट नावाच्या समुद्रजीवांचे जीवाश्म. स्पितीच्या काळ्या शेलमध्येही ते मिळतात. हिमालयाच्या जागी कधी समुद्र होता, याचा तो हातात धरता येणारा पुरावा. श्रद्धा आणि भूशास्त्र दोघांनी तो एकाच प्रेमाने जपला आहे.

आता टेबलावरच्या दगडाबद्दल

मंडळी, दगड घरी आणला की त्याची निम्मी माहिती जागेवरच राहते. कोणता थर, किती खोल, कोणत्या दिशेने पडलेला, शेजारी काय होतं. तिरुवक्करैची गोष्ट आठवा. ती खोडं लोकांनी आधीच दिवाणखान्यांत नेली असती, तर पुराची कहाणी कुणाला कळली नसती.

दुसरं कारण. त्रिपुरात हावडा आणि खोवाई नद्यांच्या खोऱ्यांत अश्मीभूत लाकडापासून घडवलेली आदिमानवाची हत्यारं मिळाली आहेत. कडेने टवके उडवलेला तुकडा दिसला तर तो झाडाचा इतिहास आहेच, माणसाचाही असू शकतो. तो जागेवरून हलला की पुरातत्त्वाचा पुरावा गेला.

तिसरं कारण कायद्याचं. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा संरक्षित स्मारकातून दगड उचलणं गुन्हा ठरू शकतो. खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी २०२२ मध्ये कायद्याचा मसुदाही जाहीर केला. पण प्रत्येक ओढ्यावर पहारेकरी ठेवता येत नाही. तिथे आपणच पहारेकरी.

मग करायचं काय? चार कामं.

१. तीन फोटो काढा: एक दुरून परिसराचा, एक जवळून, एक तुटलेल्या टोकाचा. प्रत्येकात मोजमापाला नाणं किंवा पेन ठेवा.

२. फोनवरून अक्षांश-रेखांश टिपा. ते समाजमाध्यमांवर टाकू नका. दगड विकणारेही ते वाचतात.

३. खाली-वर कोणता खडक आहे, खोड कोणत्या दिशेला पडलं आहे, हे दोन ओळींत लिहा.

४. जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं राज्यातलं कार्यालय किंवा लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, यांपैकी एकाला कळवा.

"आम्हा सामान्यांचं कोण ऐकणार?" असं म्हणू नका. घुघव्याचा ठेवा उजेडात आणण्याचं श्रेय धर्मेंद्र प्रसाद यांना दिलं जातं. ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते, भूशास्त्रज्ञ नव्हते. १९७० च्या दशकात त्यांनी पाहिलं, नोंदलं, जाणकारांना दाखवलं. १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्यांनी सुंदर तुकडे निवडून कपाटात ठेवले असते, तर आज एक कपाट उरलं असतं.

ज्यांच्या टेबलावर दगड आधीच आला आहे, त्यांनी घाबरू नका. तो नेमका कुठून उचलला, ते आजच चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी दगडाबरोबर ठेवा आणि जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवा. आठवण ताजी आहे तोवर हे करा. सहा महिन्यांनी "कुठल्यातरी ओढ्यातला" एवढंच आठवेल.

पुढच्या भागात भिंग कसं निवडायचं आणि कसं धरायचं ते पाहू. तोवर फोटो पाठवत राहा, पण दगड जागेवरच असलेले. जय हिंद.