नाऊरू बेटाचें मुद्दल

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं एका व्यापारी कंपनीच्या कचेरींत दार वाऱ्यानें मिटूं नये म्हणून एक दगड लावून ठेविलेला असे. पॅसिफिक महासागरांतील नाऊरू बेटावरून तो आलेला होता, व लांकडाचाच कालांतरानें दगड झाला असावा असा सर्वांचा समज होता. १८९९ सालीं आल्बर्ट एलिस नांवाच्या कंपनीच्या तरुण नोकरानें त्याचें पृथक्करण केलें, तों तें उत्तम प्रतीचें फॉस्फेट निघालें. हा खडक दळून त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली म्हणजे सुपरफॉस्फेट हें खत तयार होतें. आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील जमिनींत तर स्फुरदाचीच वाण होती.

श्रोतेहो, हें नाऊरू बेट विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस आहे. क्षेत्रफळ अवघें २१ चौरस किलोमीटर. आपल्याकडील दोनतीन मोठ्या गांवांच्या शिवारांत मावेल एवढें. कडेनें नारळींची अरुंद पट्टी व मध्यें उंचवटा, आणि फॉस्फेट आहे तें या उंचवट्यावरच. बेट तेव्हां जर्मनीच्या अमलाखालीं होतें. १९०७ सालीं पहिला माल बाहेर गेला. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियन फौजेनें बेट घेतलें, आणि पुढें राष्ट्रसंघानें तें विश्वस्त या नात्यानें ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याकडे सोपविलें. या विश्वस्तांनीं आपलेंच एक मंडळ नेमून फॉस्फेट काढलें आणि जगाच्या बाजारभावाहून पुष्कळ कमी दरानें, केवळ खर्चाच्या किंमतींत, आपापल्या शेतकऱ्यांस पुरविलें. भाव ठरविणारा व माल घेणारा एकच असला म्हणजे मालाच्या धन्यास काय मिळावयाचें, हें सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें सुमारें १२०० नाऊरूवासीयांस ट्रुक बेटांवर वेठीस नेलें. १९४६ च्या जानेवारीच्या ३१ तारखेस जगून परतले ते अवघे ७३७. बरोबर बावीस वर्षांनीं, १९६८ सालीं, त्याच तारखेस नाऊरू स्वतंत्र झालें. तत्पूर्वीं सर्व लोकांना ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर नेऊन वसविण्याची सूचना पुढें आली होती. तेथें आपलें स्वतंत्र राष्ट्र म्हणून अस्तित्व उरणार नाहीं, हें ओळखून हॅमर डीरोबर्ट प्रभृति पुढाऱ्यांनीं ती नाकारली. पुढें खाणींचा कारभारही त्यांनीं मोबदला देऊन विकत घेतला.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. शेतकऱ्यानें शेतांतील धान्य विकलें तर तें उत्पन्न होय. शेतच विकलें तर हातीं आलेली रक्कम हें उत्पन्न नव्हे, तें मुद्दल होय, त्याचें केवळ रूप पालटलें. खनिज विकणारा देश प्रत्यहीं शेतच विकीत असतो, परंतु सरकारी जमाखर्चांत तें धान्याच्या सदरीं मांडलें जातें. नाऊरूच्या पुढाऱ्यांस हें कळत नव्हतें असें नाहीं. फॉस्फेट संपल्यावर पुढील पिढ्यांस व्याजावर जगतां यावें म्हणून त्यांनीं निधि उभारले व परदेशीं मालमत्ता घेतली. मेलबोर्न येथें १९७७ सालीं ५२ मजल्यांची नाऊरू हाउस ही इमारत उभी राहिली. त्या सुमारास या चिमुकल्या देशाचें दरडोई उत्पन्न जगांतील अत्युच्च उत्पन्नांत मोजलें जात असे.

योजना शहाणपणाची होती. फसली ती कारभारांत. आयकर नव्हता, औषधोपचार व शिक्षण फुकट. लोकांस यांत सुख वाटलें हें खरें, पण जो कर देत नाहीं तो हिशेबही मागत नाहीं. विमानें रिकामीं उडत राहिलीं. लंडनमध्यें लिओनार्डो द व्हिंचीच्या जीवनावरील एका संगीत नाटकांत पैसा घातला. तें १९९३ सालीं रंगभूमीवर आलें आणि थोड्याच आठवड्यांत बंद पडलें. निधीच्या तारणावर कर्जें काढलीं गेलीं. २००४ सालीं नाऊरू हाउस विकावें लागलें, आणि २००५ सालीं सावकारांनीं देशाचें उरलेलें एकमेव विमान जप्त केलें.

शेजारच्या बानाबा बेटावरही फॉस्फेटच होतें. त्या वसाहतीच्या सरकारनें १९५६ सालीं एक राखीव निधि स्थापिला. १९७९ सालीं तेथील फॉस्फेट संपलें व त्याच वर्षीं तो प्रदेश किरिबाटी या नांवानें स्वतंत्र झाला. तो निधि मात्र आजतागायत शाबूत आहे. परंतु त्याची स्तुति करतांना हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ज्यांची भूमि खणली गेली ते बानाबाचे रहिवासी १९४५ सालींच फिजीमधील राबी बेटावर हलविले गेले होते.

नाऊरूची भूमि आतां कशी दिसते? फॉस्फेट प्रवाळखडकांच्या सुळक्यांमधून खरवडून काढीत, त्यामुळें मागें राहिले ते केवळ सुळके. बेटाचा सुमारें चार-पंचमांश भाग असा ओसाड झाला आहे. तेथें ना नांगर चालत, ना घर बांधतां येत. अन्न बहुतेक बाहेरून जहाजानें येतें, आणि डबाबंद अन्नावर वाढलेल्या या लोकांत मधुमेहाचें प्रमाण जगांत अतिशय अधिक आहे. स्वातंत्र्यापूर्वीं खणलेल्या जमिनीबद्दल नाऊरूनें १९८९ सालीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लाविला. न्यायालयानें १९९२ सालीं तो चालविण्याजोगा ठरविला, तेव्हां पुढल्या वर्षीं ऑस्ट्रेलियानें १० कोटि ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. दुर्बळ राष्ट्राचा हा विजय लहान नव्हे.

पैशाच्या अडचणींत २००१ सालापासून नाऊरूनें ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्या निर्वासितांस आपल्या बेटावर कोंडून ठेवण्याचें कामही मोबदला घेऊन पत्करलें; तें निंद्य होय, परंतु रिकाम्या तिजोरीपुढें निवड तरी किती असते? २०१५ सालीं ऑस्ट्रेलिया व तैवान यांच्या साह्यानें नवा निधि स्थापन झाला असून, आरंभींचीं कित्येक वर्षें त्यांतून कांहींच काढावयाचें नाहीं असा निर्बंध आहे.

दरम्यान समुद्राची पातळी वाढत आहे, आणि वस्ती आहे ती बहुतेक किनाऱ्याच्या पट्टींत. लोकांस वर, त्याच खणलेल्या उंचवट्यावर, नेऊन वसविण्याचा बेत आहे. त्यासाठीं सुळके फोडून जमीन सपाट करावी लागेल. त्या खर्चाकरितां २०२५ सालीं सरकारनें परदेशीयांस नाऊरूचें नागरिकत्व विकत देण्यास आरंभ केला. किंमत तेव्हां १,०५,००० अमेरिकन डॉलरपासून पुढें होती.